‘कसंतरीच होऊन रायलं’ : संगणकाची तक्रार आणि तिचं निदान

पावसाळ्यातली पहाट. वऱ्हाडातल्या एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात दोन रुग्ण एकाच वेळी आले आहेत, असं समजा. एकाचं बोट दारात चेंगरलं आहे. तो जोरजोरात ओरडतो आहे आणि सोबतचे चार नातेवाईक त्याच्याहून मोठ्याने. दुसरा शेतमजूर. रात्री घरात जमिनीवरच झोपला होता. ‘काई नाही जी, पोटात कसंतरीच होऊन रायलं, अन् डोये जड झाले,’ एवढंच तो सांगतो. अंगावर जखम नाही, सूज नाही, आरडाओरडा नाही. आधी कोणाला घ्यायचं?

अनुभवी परिचारिका दुसऱ्याला आत घेते. मण्यार चावली, तर दंशाची जागा अनेकदा सापडतही नाही आणि फारशी दुखतही नाही. आधी पापण्या खाली येतात, मग गिळणं आणि बोलणं अवघड होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. बोट चेंगरलेला माणूस अर्धा तास थांबू शकतो. ‘डोळे जड झाले’ म्हणणारा थांबू शकत नाही. कोणाचा आवाज मोठा हे न पाहता कोणाचा जीव धोक्यात आहे हे पाहून क्रम लावायच्या या पद्धतीला वैद्यकात ‘ट्रायज’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ निवडणे, वेगळं करणे. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक डोमिनिक लारे याने जखमी सैनिकाचा हुद्दा न पाहता जखमेचं गांभीर्य पाहून उपचार करण्याचा आग्रह धरला, तेव्हापासून ही पद्धत रुजत गेली.

हाच शब्द आज सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्यांमध्ये रोज वापरला जातो. फोन किंवा संगणक ज्या मूळ प्रणालीवर चालतो, म्हणजे विंडोज, अँड्रॉइड, आयओएस किंवा लिनक्स, तिची नवी आवृत्ती बाहेर पडली की पुढच्या काही दिवसांत तक्रारींचा पूर येतो. कोणाची बॅटरी लवकर उतरते, कोणाचा प्रिंटर चालत नाही, कोणाचे फोटो दिसेनासे होतात. या दोषांना ‘बग’ म्हणतात आणि आलेल्या तक्रारींची वर्गवारी करण्याला ‘बग ट्रायज’. डॉक्टरांकडून घेतलेला हा शब्द नुसता नावापुरता राहिला, तर काय होतं, आणि त्याचा आपल्या दवाखान्याशी काय संबंध, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण आज केस पेपर, रक्ताचा अहवाल, औषधांचा साठा आणि लसीकरणाची नोंद हे सगळं संगणकावर आलं आहे.

तक्रार सांगणं हे अर्धं निदान

‘फोन बरोबर चालत नाही’ ही तक्रार ‘कसंतरीच होऊन रायलं’ यासारखीच आहे. ती खोटी नाही, पण त्यावरून उपचार करता येत नाही. डॉक्टर मग प्रश्न विचारतात : कधीपासून? काय खाल्लं होतं? आधी कोणतं औषध चालू होतं? त्रास कशाने वाढतो, कशाने कमी होतो? यालाच रुग्णाचा पूर्वेतिहास घेणं म्हणतात आणि बऱ्याचदा तपासणीआधीच निम्मं निदान त्यातून होतं.

सॉफ्टवेअर दुरुस्त करणाऱ्यालाही तेच हवं असतं. चांगल्या तक्रारीत पाच गोष्टी असतात : यंत्र कोणतं आणि प्रणालीची आवृत्ती कोणती, कोणत्या क्रमाने काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि ते प्रत्येक वेळी होतं की कधीतरीच. यातला ‘कोणत्या क्रमाने काय केलं’ हा भाग सर्वांत मोलाचा, कारण अभियंत्याला तोच बिघाड आपल्या टेबलावर पुन्हा घडवून पाहायचा असतो. तो घडला, तर दुरुस्तीचा रस्ता सापडतो. घडला नाही, तर तक्रारीवर ‘माझ्याकडे चालतं आहे’ असा शेरा पडतो. हिवतापाचा रुग्ण ताप उतरलेला असताना तपासायला आला, की ‘ताप नाही’ अशी नोंद होते, तसंच हे. अशा वेळी ‘रोज संध्याकाळी थंडी वाजून येतो’ एवढी एक ओळ रुग्णाने सांगितली, तर चित्र पालटतं.

त्यानंतर येते वर्गवारी. एकाच बिघाडाच्या शंभर तक्रारी एकत्र बांधल्या जातात, जशी एका गावातून जुलाबाचे वीस रुग्ण आले की वीस वेगळे आजार न समजता विहिरीच्या पाण्याकडे पाहिलं जातं. मग दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. पहिला : हे किती जणांना होतं आहे? दुसरा : ज्याला होतं आहे त्याचं किती नुकसान होतं आहे? हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले, की चूक होते.

आवाज मोठा होता, म्हणून ऐकू गेला

महाराष्ट्राने याचा एक अनुभव घेतला आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी देशभर कोविड लसीकरण सुरू झालं. राज्यात २८५ केंद्रांवर, प्रत्येक केंद्रावर दिवसाला १०० आरोग्य कर्मचाऱ्यांना लस द्यायची होती आणि सगळी नोंद ‘को-विन’ या नव्या प्रणालीवर करायची होती. पहिल्याच दिवशी प्रणाली अडखळली. ती संथ चालत होती, लाभार्थ्यांना मोबाइलवर संदेश वेळेवर पोहोचत नव्हते. त्या दिवशी कागदावर नोंदी करून काम पुढे नेण्यात आलं आणि राज्यात अठरा हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांनी लस घेतली. पण पुढच्या नोंदी प्रणालीवरच करायच्या होत्या. त्यामुळे राज्याच्या आरोग्य विभागाने १८ जानेवारीपर्यंत लसीकरण थांबवत असल्याचं जाहीर केलं. १९ तारखेला ते पुन्हा सुरू झालं.

या प्रसंगाकडे केवळ गोंधळ म्हणून पाहू नये. तक्रारी एकाच दिवशी, देशाच्या कानाकोपऱ्यांतून, जबाबदार माणसांकडून आल्या आणि त्यांची दखल घेतली गेली. ठरलेल्या यादीतला माणूस आला नाही, तर नोंदणी झालेल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याला त्याच दिवशी लस देण्याची सोय नंतर प्रणालीत आली. १ मार्चला ज्येष्ठ नागरिकांसाठी लसीकरण खुलं झालं, तेव्हा ‘को-विन’ची सुधारित आवृत्ती वापरात आली. मधल्या फेब्रुवारीत अमरावती आणि अकोल्यात रुग्णसंख्या इतकी वाढली होती, की इथे पुन्हा टाळेबंदीची वेळ आली. लसीकरणाचा एकेक दिवस त्या काळात किती मोलाचा होता, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पण ‘को-विन’ची तक्रार ऐकू गेली, कारण ती सगळ्यांची होती. बोट चेंगरलेल्या माणसासारखा तिचा आवाज मोठा होता, आणि या वेळी ती गंभीरही होती. जी तक्रार गंभीर आहे पण थोड्यांचीच आहे, तिचं काय होतं?

कमी मतांची गंभीर तक्रार

मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची नवी आवृत्ती वितरित करायला सुरुवात केली. चार दिवसांतच वितरण थांबवावं लागलं. काही लोकांनी आवृत्ती बसवली आणि त्यांच्या संगणकावरच्या फाइल्स, म्हणजे कागदपत्रं, फोटो, वर्षानुवर्षं साठवलेलं काम, नाहीसं झालं.

कंपनीने नंतर दिलेलं कारण कोणत्याही डॉक्टरला ओळखीचं वाटेल. आधीच्या आवृत्तीत काही जणांना एकाच नावाचे दोन फोल्डर दिसत होते, त्यातला एक रिकामा. तशा तक्रारी आल्या होत्या. म्हणून नव्या आवृत्तीत हे जास्तीचे फोल्डर काढून टाकण्याची सोय केली गेली. पण काही लोकांनी आपल्या फोल्डरची जागा बदललेली होती आणि जुन्या जागी अजून फाइल्स होत्या. दुरुस्तीने तो जुना फोल्डर आतल्या फाइल्ससकट काढला. किरकोळ आजारावर दिलेल्या औषधाचाच हा गंभीर दुष्परिणाम होता.

फाइल्स गेल्याच्या तक्रारींचं प्रमाण किती? कंपनीच्या म्हणण्यानुसार ०.०१ टक्के, म्हणजे दहा हजारांत एक. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आवृत्ती सर्वांसाठी खुली होण्याआधी ती वापरून पाहणाऱ्या स्वयंसेवकांपैकी काहींनी फाइल्स गेल्याची तक्रार आधीच नोंदवली होती. ती तक्रार मागे राहिली, कारण तिथल्या व्यवस्थेत एखाद्या तक्रारीला किती लोक दुजोरा देतात, यावर तिचं वजन ठरत होतं. फाइल्स थोड्यांच्याच गेल्या, म्हणून दुजोरा थोडाच मिळाला. ओरडणाऱ्यांच्या रांगेत ‘डोळे जड झाले’ म्हणणारा मागेच बसून राहिला.

कंपनीने पुढे तक्रारीच्या अर्जात एक रकाना वाढवला : या बिघाडाने तुमचं किती नुकसान झालं? दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा वितरित होऊ लागली.

औषधांनी शिकवलेला धडा

वैद्यकशास्त्राला हाच धडा फार मोठी किंमत मोजून मिळाला आहे. १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड हे औषध बाजारात आलं. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी ते दिलं जात होतं, आणि ते अगदी सुरक्षित असल्याचा समज होता. १९६१ च्या अखेरीस जर्मनीतले विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातले विल्यम मॅकब्राइड या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे सांगितलं, की हे औषध घेतलेल्या मातांची बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्माला येत आहेत. मॅकब्राइड यांचं ‘लॅन्सेट’मधलं पत्र अवघ्या काही ओळींचं होतं. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळांना बाधा झाल्याचा अंदाज आहे.

औषध बाजारात येण्याआधीच्या चाचण्या काही शे किंवा काही हजार लोकांवर होतात. दहा हजारांत एकाला होणारा दुष्परिणाम त्यांत दिसेलच असं नाही. तो दिसतो औषध लाखो लोक घेऊ लागल्यावर. म्हणून औषध खुलं झाल्यानंतरच्या तक्रारी गोळा करणं हा चाचणीचाच पुढचा टप्पा मानला जातो. भारतात २०१० पासून यासाठी औषध-सतर्कता कार्यक्रम चालतो आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. डॉक्टर, परिचारिका, औषध विक्रेता, स्वतः रुग्ण असं कोणीही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर दुष्परिणाम कळवू शकतो.

या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी संगणकवाल्यांनी घ्याव्यात अशा आहेत. पहिली : तक्रार ग्राह्य धरायला चारच गोष्टी पुरतात. रुग्ण कोण, कळवणारा कोण, संशयित औषध कोणतं आणि झालं काय. औषधामुळेच झालं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कळवणाऱ्यावर नसते. नुसता संशय पुरे. दुसरी : ‘गंभीर’ या शब्दाची व्याख्या ठरलेली आहे. मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल होणं किंवा मुक्काम लांबणं, कायमचं अपंगत्व, जन्मजात व्यंग. यातलं काहीही असेल, तर तक्रार एकाच माणसाची असली तरी ती गंभीरच ठरते. तिथे मतं मोजली जात नाहीत.

वऱ्हाडचा ‘ऱ्ह’

थोड्यांच्या तक्रारीचं एक उदाहरण आपल्याच नावात आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द लिहिताना ‘ह’च्या आधी जो अर्धा र येतो, तो पापणीच्या केसासारखा दिसणारा र देवनागरी वापरणाऱ्या फार थोड्या भाषांना लागतो. मराठीला तो पावलोपावली लागतो. हिंदीला लागत नाही. रफार देऊन ‘दर्या’ लिहिलं तर समुद्र आणि ‘दऱ्या’ लिहिलं तर डोंगरातल्या खोल जागा. आरोग्याच्या पत्रकांत तर ‘दुसऱ्या डोसची तारीख’, ‘दूध पाजणाऱ्या माता’, ‘तिसऱ्या महिन्यात’ असे शब्द ओळीओळीला येतात.

जगातल्या सर्व लिपींसाठीच्या ‘युनिकोड’ या संकेतप्रणालीत हा र लिहायच्या दोन रीती आहेत. एक, खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून. दुसरी, साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. ही दुसरी रीत जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवली गेली. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. तिसरा प्रकार म्हणजे कळफलकावर हा र सापडत नाही म्हणून सरळ रफार देऊन लिहिणं.

आता अमरावती जिल्ह्यातल्या कुऱ्हा गावची एखादी गरोदर बाई डोळ्यांसमोर आणा. आडनाव वऱ्हाडे. तालुक्याच्या दवाखान्यात तिचं नाव एका रीतीने टंकलं गेलं, जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या रीतीने. तिथल्या खिडकीवर नाव शोधलं, तर संगणक सांगतो, ‘नोंद नाही.’ मग नवी नोंद होते. आधीच्या नोंदीत तिचा रक्तगट, हिमोग्लोबिन, एखाद्या इंजेक्शनची ॲलर्जी असं सगळं असू शकतं, पण ते समोर येत नाही. नावं इंग्रजीत टंकली, तरी सुटका नाही. एकाच आडनावाची तीन-चार स्पेलिंग होतात. चांगली प्रणाली शोध घेताना या सगळ्या रीती एक मानते. साधी प्रणाली मानत नाही. म्हणूनच नावावर विसंबून न राहता नोंदणी क्रमांक, वय, गाव आणि मोबाइल क्रमांक पडताळणं गरजेचं असतं. केस पेपर सांभाळून ठेवा, असं खिडकीवर वारंवार सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

ही तक्रार किती लोकांची? जगाच्या हिशेबात मूठभर. पण लिपीतल्या एका अक्षराने काय होऊ शकतं, हे फेब्रुवारी २०१८ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. तेलुगूतलं ‘ज्ञा’ हे एक जोडाक्षर संदेशात आलं, की आयफोनवरचं ते ॲप बंद पडत होतं. तपास केल्यावर बंगाली आणि देवनागरीतल्या काही जुळण्यांनीही तेच होतं असं आढळलं. पुढच्या मोठ्या आवृत्तीच्या चाचणीत हा दोष राहिला नव्हता. पण तेवढ्यावर न थांबता ॲपलने १९ फेब्रुवारीला चालू आवृत्तीसाठी वेगळी दुरुस्ती काढली. कारण सरळ होतं. तेलुगू न वाचणाऱ्याचाही फोन त्या एका अक्षराने अडत होता. तक्रार थोड्यांची राहिली नव्हती.

तक्रार बंद, आजार चालूच

मराठी अक्षरांच्या तक्रारींवर महाराष्ट्रातही चिकाटीने काम झालं आहे. ‘लोहित’ हा सर्वांसाठी खुला असलेला टंकसमूह रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी अनेक वर्षं सांभाळला. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा असतो, म्हणून त्यात मराठीचा वेगळा टंकही होता. फेडोरा या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते. त्याआधी भारतीय भाषा नीट उमटतात का हे तपासण्यासाठी खास चाचणी-दिवस ठेवले जातात, आणि कोणीही सामान्य वापरकर्ता त्यात भाग घेऊन दोष नोंदवू शकतो.

याच फेडोराच्या कामकाजातली एक रीत विचार करायला लावते. प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिने आधार मिळतो. मुदत संपली, की त्या आवृत्तीवरच्या उरलेल्या तक्रारी आपोआप बंद केल्या जातात. ‘नव्या आवृत्तीतही हा दोष दिसत असेल, तर कळवा’ असा निरोप मात्र तक्रारदाराला जातो. मनुष्यबळ अपुरं असताना असं काहीतरी करावंच लागतं. पण ‘बंद’ याचा अर्थ ‘बरा झाला’ असा होत नाही. क्षयरोगाच्या नोंदवहीत ‘उपचार पूर्ण’, ‘बरा झाला’ आणि ‘पाठपुरावा तुटला’ हे वेगळे शेरे असतात, ते याचसाठी. तक्रार बंद झाल्याचा निरोप आला, तर नवी आवृत्ती वापरून पाहणं आणि दोष असेल तर पुन्हा कळवणं हे तक्रारदाराच्या हातात असतं.

अपडेट करावं की टाळावं?

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग नवी आवृत्ती घेऊच नये. तो मार्ग जास्त धोक्याचा आहे. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये विंडोजमधल्या एका सुरक्षा-दोषावर दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, अशा असंख्य संगणकांना त्याच वर्षी १२ मेपासून ‘वॉनाक्राय’ने गाठलं. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या ८० रुग्णालय-संस्थांना त्याचा फटका बसला, हजारो भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या.

उलट बाजूचं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष अद्ययावत फाइल जगभरच्या संगणकांवर जवळपास एकाच वेळी गेली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजची ८५ लाख यंत्रं बंद पडली होती. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. नवं औषध पहिल्याच दिवशी सगळ्या वॉर्डांत सुरू करत नाहीत, हे इथेही लागू होतं. लस न घेणं चूक, आणि लस टोचल्यावर रुग्णाला अर्धा तास न थांबवता घरी पाठवणं हीही चूक.

दवाखान्यात काय करता येईल?

अमरावती-अकोल्याच्या दवाखान्यांत, तालुक्याच्या प्रयोगशाळेत किंवा मेळघाटातल्या उपकेंद्रात पुढच्या गोष्टी फारशा खर्चाविना करता येतील.

पहिलं, नवी आवृत्ती आधी एकाच यंत्रावर बसवावी. त्यावर नोंदणी, छपाई, अहवाल आणि मराठी नावांचा शोध हे सगळं दोन-तीन दिवस करून पाहावं आणि मगच बाकीची यंत्रं घ्यावीत. ओपीडीच्या गर्दीच्या दिवशी हे काम काढू नये.

दुसरं, कागदी नोंदवही हाताशी ठेवावी. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे धारणीहून एसटीने आलेल्या माणसाला सांगण्याचं उत्तर नाही.

तिसरं, संगणकाशेजारी तक्रारीची एक साधी वही असावी. तारीख-वेळ, यंत्र आणि आवृत्ती, काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि रुग्णावर काय परिणाम झाला किंवा होऊ शकला असता. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘नाव सापडत नाही’ असं लिहिलं, तर ती तक्रार शंभरांतली एक होते. ‘नाव न सापडल्याने ॲलर्जीची नोंद दिसली नाही’ असं लिहिलं, तर ती वाचणाऱ्याला थांबावं लागतं.

चौथं, पडद्याचा फोटो पाठवताना रुग्णाचं नाव, क्रमांक आणि आजार झाकावा. तक्रार सांगण्यासाठी रुग्णाची खासगी माहिती उघडी करायची गरज नसते.

पाचवं, तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा आणि आठवड्याने विचारपूस करावी. दुरुस्ती आल्यावर ज्याने तक्रार केली त्याच्याकडूनच पडताळणी करून घ्यावी. टाके काढायला रुग्णाला परत बोलावतात, तसंच हे.

सहावं, निदान किंवा उपचाराच्या उपकरणातल्या सॉफ्टवेअरमुळे रुग्णाला इजा झाल्याचा संशय असेल, तर तो विषय संगणक विभागापुरता ठेवू नये. वैद्यकीय उपकरणांसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स हा वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तिथे ते कळवावं.

हे सगळं बहुतेक वेळा खिडकीवरचा लिपिक, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, परिचारिका किंवा आशाताई यांनाच करावं लागणार आहे, कारण बिघाड आधी त्यांनाच दिसतो. त्यांनी ‘मशीन काऊन अडकून रायली?’ म्हटलं, की ‘बंद करून चालू करा’ एवढंच उत्तर मिळालं, तर पुढच्या वेळी त्या सांगणार नाहीत. ओपीडीत रागावलेला रुग्ण जसा पुढच्या वेळी दुखणं अंगावर काढतो. वरिष्ठांनी या वहीसाठी रोज पाच मिनिटं दिली, आणि कोणी चुकीची तक्रार केली म्हणून कोणावर चिडले नाहीत, तर ती वही भरत जाईल.

अपघात विभागातला तो शेतमजूर स्वतःहून ‘मला साप चावला’ म्हणाला नव्हता. त्याला ते माहीतच नव्हतं. त्याने एवढंच सांगितलं, की डोळे जड झाले, आणि कोणीतरी ते ऐकून लगेच त्याच्या पापण्या पाहिल्या.